ओरखडा नसलेला टायर

टायरवर एकही ओरखडा नव्हता, आणि शलाकाला नेमकं तेच खटकलं.

ती विमानाच्या पंखाखाली उकिडवी बसून डाव्या चाकावरून तळहात फिरवत होती. वडेगावच्या धावपट्टीच्या दोन्ही अंगांना मुरूम पसरलेला होता. जरा वारा सुटला की तो डांबरावर येऊन पडायचा. इथे उतरणाऱ्या विमानाचा टायर चार-आठ दिवसांत खरचटायचा, कुठे बारीक चीर पडायची, खाचेत एखादा खडा रुतून बसायचा. हे टायर मात्र कालच गुंडाळीतून काढल्यासारखे काळेभोर, तुकतुकीत होते.

"नवीन आहेत?" तिने मागे उभ्या असलेल्या पौर्णिमाला विचारलं.

"नवीन कुठले! तू बाबांच्या ऑपरेशनला वर्ध्याला गेलीस ना, त्याच आठवड्यात बसवले. तेव्हापासून रोज उडून राहिली मी यांच्यावर." पौर्णिमा हसली. "जादू आहे ताई. परवा मी स्वतः यातून काचेचा तुकडा उपटला. चांगली बोटभर चीर होती. संध्याकाळी येऊन बघते तर चीर कुठे होती तेच सापडेना."

शलाकाने हात मागे घेतला. असं रबर बनवणारा एकच माणूस तिला माहीत होता, आणि सकाळी त्याच माणसाने तिला चहा करून दिला होता. टायरबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता.

शलाका येरणे भिंगरी हवाई सेवेत देखभाल अभियंता होती. तिची सही झाल्याशिवाय विमानाने जमीन सोडायची नाही, असा नियम होता. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला पावसाळ्यात नद्या पुलांवरून वाहू लागल्या की गावं आठ-आठ दिवस तुटायची. तिथून रोगी आणायचे, तिथे रक्त आणि औषधं पोचवायची, हे भिंगरीच्या तीन छोट्या विमानांचं काम. पौर्णिमा आत्राम ही त्यांची वैमानिक. अहेरीची, इथल्याच मातीतली मुलगी. ढगांच्या खाली कुठली टेकडी कुठे आहे हे तिला नकाशा न बघता कळायचं.

ही विमानं बॅटरीवर उडायची, आणि त्यांचं टायरांशी कधी जमलंच नाही. इंधनावर चालणारं विमान उडता उडता हलकं होत जातं. टाकी रिकामी होते, उतरताना चाकांवरचं ओझं कमी झालेलं असतं. बॅटरी मात्र भरलेली असो वा संपलेली, वजन तेवढंच. निघताना जितकं जड, उतरतानाही तितकंच. त्यामुळे भिंगरीचे टायर भराभर झिजायचे. या विमानासाठी मान्यता असलेले टायर दूरदेशी एकाच कारखान्यात बनत होते. तो कारखाना जळाला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तीनपैकी दोन विमानं चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली.

"मग मी काय करायला पाहिजे होतं?" भोयर साहेबांनी विचारलं. सदानंद भोयर सेवेचे व्यवस्थापक होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "तिसरंही ठोकळ्यावर ठेवू? तुमच्या मिस्टरांना मी फोन केला. त्यांनी आपल्या मापाचा साचा करून टायर दिले. बदली इंजिनिअरने तपासून सही केली. एक दिवस विमान थांबलं नाही."

"साहेब, या टायरला विमानासाठी मान्यता नाही."

"मान्यता यायला दोन वर्षं लागतात. मॅडम, तुम्ही स्वतः बघितलंत. काही दोष दिसला?"

"नाही."

"मग?"

"दोष दिसत नाही, हीच तर अडचण आहे," शलाका म्हणाली. तिला स्वतःलाच ते उत्तर पोकळ वाटलं.

दुपारी ती आलापल्लीला घरी आली. श्रीरंग अंगणातल्या सागाखाली खुर्ची टाकून बसला होता. त्याचा कारखाना बुटीबोरीला. आठवडाभर तो तिकडेच असायचा, पण ती वर्ध्याहून परत येणार म्हणून दोन दिवस आला होता. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"तुझे बाबा आयसीयूत होते शलाका. तेव्हा फोन करून टायरचं बोलू?"

ती समोर बसली. श्रीरंगच्या रबरावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. ते जन्मताना तिने जवळून पाहिलं होतं. साध्या रबरात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. टाका तुटला की तुटला. श्रीरंगने गंधकाच्या जागी दुसरे बंध वापरले. ते ओढले तर सुटायचे, आणि पुन्हा जवळ आले की एकमेकांना धरायचे. चालत्या चाकाच्या उष्णतेने ही धरपकड आणखी जोरात व्हायची. म्हणजे टायर चिरला तरी गाडी पळता पळता चीर आपोआप सांधून जाणार. त्याने नाव ठेवलं 'अखंड'. त्याचा थोरला भाऊ चंद्रपूर रस्त्यावर ट्रकचा टायर फुटून गेला होता, आणि त्यानंतर श्रीरंगने दुसऱ्या कशावर कामच केलं नव्हतं. आता विदर्भातले निम्मे ट्रकवाले अखंडवर धावत होते.

"ट्रकवर दोन वर्षं चालतात," तो म्हणाला. "चाळीस टनांच्या ट्रकवर. तुझं विमान त्याच्यापुढे पिल्लू आहे."

"ट्रकचं चाक हळूहळू वेग घेतं. विमानाचं चाक उतरताना जागेवर उभं असतं. जमिनीला टेकलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याला दीडशेच्या वेगाने फिरावं लागतं. रबराचा धूर निघतो, बघितलायस ना तू? आणि त्याच क्षणी पूर्ण वजन अंगावर येऊन टायर एक तृतीयांश चपटा होतो. म्हणून तर फिरत्या लोखंडी ड्रमवर टायरची चाचणी घेतात. पुन्हा पुन्हा आपटतात, जास्त वजनाने आपटतात. तू एकदा तरी आपटलास?"

"ड्रम माझ्याकडे नाही."

"म्हणजे नाही आपटलास."

"भोयरांनी मला काय सांगितलं माहीत आहे तुला? म्हणाले, विमान थांबलं तर माणसं मरतील. मी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं?" त्याचा आवाज दुखावलेला होता. "तू तरी त्यांना 'नाही' म्हणाली असतीस?"

तो उठून आत गेला. संध्याकाळपर्यंत दोघं एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण नव्हतं. शलाकाने विमान जॅकवर चढवलं. पौर्णिमाने आत बसून चाकं वर घेतली, खाली सोडली, पुन्हा वर घेतली. उडाल्यावर चाकं मिटून पंखाखालच्या कप्प्यांत जातात. कप्पा चाकाच्या बेताचाच असतो. टायर आणि कप्प्याची भिंत यांच्यात बोटभर जागा राहत होती. सगळं नियमाप्रमाणे.

मग शलाकाने टॉर्च घेऊन डोकं कप्प्यात घातलं.

डाव्या कप्प्याच्या वरच्या भिंतीवर हिरवट रंग होता. त्यात तळहाताएवढी जागा घासून चकचकीत झाली होती. खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं. कोपऱ्यात काळी, काजळीसारखी रबराची भुकटी साठली होती. उजव्या कप्प्यातही खूण होती, पण पुसट.

"पौर्णिमा, चाकं वर घेतल्यावर आवाज येतो?"

"डावीकडे थोडा गुरगुरल्यासारखा. चाक थांबेपर्यंत. मला वाटलं, नवीन आहेत म्हणून."

शलाका कप्प्यातून बाहेर आली. आता तिच्याजवळ दाखवण्यासारखं काहीतरी होतं. टायर थंड असताना भिंतीला लागत नव्हता, म्हणजे गरम झाल्यावर तो फुगत होता. श्रीरंगचे बंध उष्णतेने सैल व्हायचे. सांधण्याची युक्तीच ती होती. धावपट्टीवर वेगाने फिरून तापलेलं रबर मऊ पडून ताणलं जात होतं. पण टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्याच्या आत धाग्यांचे थर असतात, एकावर एक तिरपे विणलेले. खरा जोर त्या धाग्यांचा. रबर त्यांना झाकतं, इतकंच. डावा टायर उजव्यापेक्षा जास्त फुगत असेल तर आतले धागे त्याला धरून ठेवायला कमी पडत होते. का कमी पडत होते, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. चीर कधीच भरून आली होती.

भोयर साहेबांनी स्वतः कप्प्यात डोकं घालून बघितलं. बाहेर येऊन त्यांनी रुमालाने हात पुसले.

"थांबवा," ते म्हणाले.

विमान जॅकवरून उतरवत असतानाच फोन आला.

पेरमगुड्याच्या आरोग्य केंद्रातून सिस्टर बोलत होत्या. जैनी पुंगाटी ही तिथली आशा कार्यकर्ती. भिंगरीतल्या सगळ्यांना तिचा आवाज ओळखीचा होता, कारण त्या भागातल्या रोग्यांसाठी विमान बोलवायची ती हीच. तिला सिकलसेल होता. काल रात्रीपासून छातीत दुखत होतं. आता श्वास पुरत नव्हता. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी फुप्फुसात अडकल्या होत्या. अंगातलं रक्त बदलावं लागणार होतं, आणि ते नागपूरलाच होऊ शकत होतं. पुलावरून दोन पुरुष पाणी. सरकारी हेलिकॉप्टर सिरोंच्याला पुरात अडकलेल्यांना काढत होतं. संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले होते.

"संध्याकाळपर्यंत तग धरेल ती?" भोयरांनी विचारलं.

"साहेब, ती मलाच सांगून राहिली की विमान बोलवा म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

हँगरमध्ये चौघं होते. श्रीरंगही आला होता. कप्प्यातली खूण बघायला शलाकानेच त्याला बोलावून घेतलं होतं. कोणी तिच्याकडे थेट बघत नव्हतं, आणि सगळे तिच्याच बोलण्याची वाट बघत होते.

"मी जाते ताई," पौर्णिमा म्हणाली. "तू फक्त सांग, कसं उतरवू."

"थांब. विचार करू दे."

नियम साफ होता. कुठल्याही परीक्षेत विचारला असता तर तिने क्षणात उत्तर दिलं असतं. पण परीक्षेत जैनी नव्हती. जैनीने गेल्या वर्षी फोनवर तिला विचारलं होतं, विमानात बसलं की कानाला खरंच दडे बसतात का. दुसऱ्यांना पाठवते, मी कधी बसले नाही, म्हणाली होती.

"चाकं वर घ्यायची नाहीत," शलाका सावकाश म्हणाली. "खालीच लटकू द्यायची. भिंतीला घासणार नाहीत, वाऱ्याने गार राहतील. पण हवेचा अडथळा वाढेल, बॅटरी जास्त जाईल. मागच्या सगळ्या खुर्च्या काढा. सामान काढा. पेरमगुड्याला उतरल्यावर मी टायर बघेन. ठीक वाटला तरच पुढे."

"तू?" श्रीरंग पुढे झाला. "तू कशाला?"

"तिथे दुसरं कोण बघणार?"

"मग मी येतो. रबर माझं आहे."

"तुझं वजन परवडत नाही श्रीरंग," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, ती खरोखरच वजनाचा हिशोब करत होती. पण त्याला ते लागलं, हे तिला दिसलं.

विमान उड्डाणास योग्य आहे, या वाक्याखाली तिने सही केली नाही. टायर मान्यताप्राप्त नाही, तो फुगतो, हे मला माहीत आहे आणि माझ्या जबाबदारीवर विमान सोडत आहे, असं तिने लिहिलं आणि त्याखाली नाव घातलं. भोयर साहेबांनी तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पेरमगुड्याला पौर्णिमाने विमान इतकं अलगद टेकवलं की शलाकाला फक्त चाकांची घरघर ऐकू आली. उतरताच ती खाली वाकली. डावा टायर कोमट होता. तिने फीत गुंडाळून घेर मोजला. निघण्यापूर्वी मोजला होता त्यापेक्षा किंचित जास्त. फुगवटा नाही, चीर नाही, खडा नाही. तिने त्यावर हात ठेवला आणि तिला विचित्र वाटलं. इतक्या वर्षांत तिने शेकडो टायर हाताळले होते. फाटलेले, झिजलेले, एका बाजूने खाल्लेले. प्रत्येकाला बघून काय झालं असेल ते सांगता यायचं. हा टायर काहीच सांगत नव्हता.

स्ट्रेचर आलं, सोबत सिस्टरही होत्या. जैनीच्या तोंडावर मास्क होता, ओठ निळसर. तिने शलाकाला ओळखलं नाही. दोघी कधी भेटल्याच नव्हत्या.

"चल," शलाका पौर्णिमाला म्हणाली.

नागपूर जवळ आलं तेव्हा बॅटरीत थोडीच धुगधुगी उरली होती. घिरट्या घालायला वाव नव्हता. शलाका पौर्णिमाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

"उजवं चाक आधी टेकव. डावं जितका वेळ वर धरता येईल तितका वेळ धर. वेग उतरल्यावरच खाली येऊ दे."

"वारा उजवीकडूनच आहे. जमेल," पौर्णिमा म्हणाली. मागे सिस्टर जैनीचा हात धरून बसल्या होत्या.

उजवं चाक टेकलं. विमान एका पायावर धावत राहिलं. पौर्णिमाचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने दांडा उजवीकडे दाबून धरला होता. वेग उतरत गेला. मग पंख हळूहळू आडवा झाला आणि डावं चाक धावपट्टीला लागलं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. शलाकाने श्वास सोडला, आणि तेवढ्यात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. रबराचा जाड पट्टा सुटून पंखाच्या खालच्या बाजूवर आपटला. विमान डावीकडे ओढलं गेलं, उघडी रिम ठिणग्या उडवत डांबरावर घासली, गवत समोर आलं, आणि धावपट्टीच्या कडेच्या नालीत नाक रुतून विमान थांबलं.

जैनी वाचली. बंब आणि रुग्णवाहिका दोन्ही आधीपासून उभ्या होत्या, त्यामुळे तिला पंधरा मिनिटांत रुग्णालयात नेता आलं. त्याच दुपारी तिचं रक्त बदललं गेलं. सिस्टरांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. शलाकाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. पौर्णिमाचा उजवा घोटा पायाखालच्या पेडलमध्ये अडकून चुरला. तो सांधला, पण पूर्वीसारखा वळेल की नाही, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. विमानाचं सुकाणू पायांनी फिरवायचं असतं.

चौकशी झाली. शलाकाचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला गेला आणि त्यानंतर पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं. निकाल योग्यच आहे असं तिला वाटलं. पुन्हा तसाच फोन आला तर आपण वेगळं वागू का, हे मात्र तिला सांगता आलं नसतं, आणि चौकशीत कोणी ते विचारलंही नाही.

श्रीरंग रोज रुग्णालयात यायचा. डबा आणायचा, औषधं आणायचा, बोलायचा नाही. एकदा तो पौर्णिमाच्या खोलीत गेला. शलाका दाराशीच होती.

"भाऊजी, बसा ना," पौर्णिमा म्हणाली. पाय तिचा दोरीला टांगलेला होता.

तो उभाच राहिला. "मी तुला..."

"माफी नका मागू. मला राग येईल." ती खिडकीकडे बघत होती. "एक सांगा. तो टायर वाईट होता हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"माहीत करून घ्यावंसं वाटलं होतं?"

"नाही," श्रीरंग म्हणाला आणि बाहेर आला.

चौकशी आटोपल्यावर न फुटलेला उजवा टायर त्यांना परत मिळाला. श्रीरंगने तो बुटीबोरीला नेला आणि शलाकाला सोबत चलायला सांगितलं. तेवढंच त्या आठवड्यातलं त्याचं वाक्य. कारखान्यात सुटी होती. त्याने टायर करवतीच्या टेबलावर बांधला आणि आडवा कापला.

बाहेरचं रबर एकसंध होतं. कुठेही जोड नाही, डाग नाही. पण पहिल्या थराच्या खाली धागे ब्रशच्या केसांसारखे पिंजारलेले होते. काही ठिकाणी वरचा थर खालच्यापासून सुटून मध्ये पोकळी झाली होती. एका जागी खडा होता. चिंचोक्याएवढा मुरमाचा खडा, रबरात पूर्ण गाडला गेलेला. टायरने त्याला आत घेऊन वरून कातडी ओढून घेतली होती, आणि प्रत्येक फेरीला तो आतल्या आत धागे कापत होता.

श्रीरंगने बोटाने तो खडा बाहेर काढला. "रबर सांधतं," तो म्हणाला. "धागे सांधत नाहीत. मला माहीत होतं ते. पण मला वाटलं, चीर बुजली तर धाग्यांपर्यंत काही पोचणारच नाही." तो स्टुलावर बसला. शलाकाने चांगला हात त्याच्या पाठीवर ठेवला. त्याने तो झटकला नाही.

थोड्या वेळाने तो उठला आणि गोदामात गेला. येताना एक ट्रकचा टायर ढकलत घेऊन आला. एका गाडीमालकाने मोठ्या कौतुकाने परत पाठवलेला: लाखभर किलोमीटर चालला, बघा कसा दिसतो. तो दारात दर्शनी ठेवायचा असं ठरलं होतं.

"श्रीरंग," शलाका म्हणाली, "तो ट्रकचा आहे. ट्रकला ते उतरताना आपटणं वगैरे नसतं. मीच तुला सांगितलं होतं."

"हो. पण खडे असतात."

त्याने तोही कापला. धागे पिंजारलेले होते. विमानाच्या टायरइतके नाही, पण होते. गोदामातून दुसरा आणून कापला. तो चांगला निघाला. तिसऱ्यात थर सुटलेला होता. चौथाही चांगला. बाहेरून चारही सारखेच देखणे. कुठला चांगला आणि कुठला नाही हे कापल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि कापलेला टायर कोणाच्या कामाचा नव्हता.

त्याचा भागीदार फोनवर तासभर बोलला. आधी समजावून, मग ओरडून. एकाही ट्रकला अजून अपघात झालेला नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. श्रीरंगने सगळं ऐकून घेतलं.

"झालेला नाही, का झाला आणि आपल्याला कळला नाही?" त्याने विचारलं. "फुटलेल्या टायरच्या चिंध्या कोणी आपल्याला पाठवत नाही. चांगले दिसणारेच परत येतात."

दुसऱ्या दिवशी त्याने वर्तमानपत्रांत आणि सगळ्या गाडीमालकांच्या संघटनांना कळवलं: अखंड टायर काढून टाका. कारण त्याने तीन वाक्यांत लिहिलं होतं, आणि त्यातलं एकही मऊ केलेलं नव्हतं. पण कोणी काढले नाहीत. एकाही ओरखड्याशिवायचा टायर कोण काढून फेकेल? बनवणाराच वाईट म्हणतो म्हणजे यात काही डाव असणार, असंही काही जण म्हणाले.

म्हणून एका सकाळी दोघं नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रक टर्मिनलवर गेले. टेम्पोत कापलेले टायर होते आणि साध्या गंधकी रबराचे, जुन्या पद्धतीचे बरेच नवीन टायर. शलाकाचा डावा हात अजून गळ्यात बांधलेला होता. चहाच्या टपरीसमोर त्यांनी कापलेले टायर उभे करून ठेवले. ड्रायव्हर येत, बघत, पुढे जात.

एक जाडजूड, पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर थांबला. हातात चहाचा ग्लास होता. हैदराबादला निघालेल्या त्याच्या ट्रकला पुढे दोन्ही अखंड होते.

"बाहेरून तर एक नंबर दिसून राहिला," तो म्हणाला.

"आत बोट घाला," शलाका म्हणाली.

त्याने ग्लास खाली ठेवला आणि कापलेल्या फटीत बोट घातलं. पिंजारलेल्या धाग्यांवरून ते फिरवलं. मग दोन बोटं घातली. थर सुटलेल्या जागी बोटं आत गेली, पेरभर नाही, पार मुळापर्यंत. त्याने ती बाहेर काढली आणि वळून आपल्या ट्रकच्या पुढच्या चाकाकडे बघितलं. तुकतुकीत काळं चाक उन्हात चमकत होतं.

"माह्या गाडीचंही असंच असन का?"

"असेल किंवा नसेल," श्रीरंग म्हणाला. "बघून कळत नाही. मी बनवलाय, मलाही कळत नाही."

"तुम्ही बनवला?"

"हो. मी."

ड्रायव्हरने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आता चार शिव्या मिळणार, असं शलाकाला वाटलं. श्रीरंगही ते ऐकायला तयार असल्यासारखा उभा होता. ड्रायव्हर केबिनकडे गेला, सीटखालून जॅक आणि लांब दांड्याचा पाना काढला आणि परत आला. पाना त्याने श्रीरंगसमोर धरला.

"मंग काढा तुम्हीच," तो म्हणाला.

श्रीरंगने पाना घेतला आणि चाकापाशी गुडघे टेकून बसला. शलाकाने रस्त्याकडेचा एक मोठा दगड चांगल्या हाताने उचलला आणि गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकाखाली लावला. पहिला नट फार घट्ट होता. टपरीवरचे दोघं-तिघं ग्लास हातात घेऊन बघायला जवळ आले.